डॉ. रखमाबाई आणि मागे कललेली गर्भपिशवी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘रेट्रोव्हर्टेड युटेरस’ असे दोन शब्द छापून येतात. त्यांचा अर्थ एवढाच, की गर्भपिशवी पुढे झुकण्याऐवजी मागे, पाठीच्या बाजूला कललेली आहे. पण रिपोर्ट घरी पोचेपर्यंत त्याचं ‘पिशवी उलटी झाली’, ‘पिशवी फिरली’ असं काहीतरी होतं. सासू विचारते, मूल होईल ना? नवरा विचारतो, ऑपरेशनला खर्च किती? आणि आमच्या बीड जिल्ह्यात तिथून ‘काढूनच टाकू’पर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत.

पिशवी मागे कललेली असणं हा बहुतेक वेळा आजार नसतो. साधारण पाच बायकांपैकी एकीची ती तशीच असते. त्याची माहिती पुढे देतोच. पण आधी एका डॉक्टरबाईंचं आयुष्य सांगतो. बाईला तपासल्याशिवाय तिच्या दुखण्याला नाव देऊ नये आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या शरीराचा निर्णय घेऊ नये, या दोन्ही गोष्टींची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. त्या म्हणजे डॉ. रखमाबाई.

अकराव्या वर्षी लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या आई जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्या मंडळींतही ते होते.

अशा शिकलेल्या घरातही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. मुलगी वयात आली की गर्भाधानाचा विधी करायचा आणि तिला नवऱ्याच्या स्वाधीन करायचं, ही तेव्हाची रीत. सखाराम अर्जुन यांनी डॉक्टर म्हणून याला नकार दिला. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पाळी आली म्हणजे तिचं शरीर बाळंतपणाला तयार झालं असं नसतं. कंबरेची हाडं अजून वाढत असतात. बाळाचं डोकं अडतं, कळा दोन-दोन दिवस चालतात, बाळ दगावतं, आणि आई वाचलीच तर कधीकधी मूत्राशयाला भोक पडून लघवी कायमची गळत राहते. सावत्र वडलांनी मुलीला घरीच ठेवलं. शाळा बंद झाली होती, पण रखमाबाई घरी पुस्तकं वाचत राहिल्या.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून वाचू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी दहात चारांहून जास्त जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं.

‘नाही’ म्हणण्याचा खटला

दादाजी मामाकडे राहत होते, शिक्षण सुटलं होतं, तब्येतही बरी नव्हती. रखमाबाईंना त्यांच्याकडे नांदायला जायचं नव्हतं. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की बायकोला माझ्या घरी पाठवा. न्यायमूर्ती पिनी यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. लहानपणी तिच्या संमतीशिवाय लागलेल्या लग्नासाठी जाणत्या स्त्रीला जबरदस्तीने नवऱ्याच्या घरी धाडणं त्यांना पटलं नाही. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले, म्हणजे घरातला मोठा आधार गेला. रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, तीही याच वर्षी.

पुढे अपील झालं, खटला परत फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग चालेल असं कळवलं. सगळा महाराष्ट्र दोन बाजूंना वाटला गेला. केसरीतून टिळकांनी रखमाबाईंवर कडक टीका केली. पंडिता रमाबाई आणि बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचं संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. त्या कायद्यामागे रखमाबाईंच्या खटल्याने उठलेलं वादळही होतं.

मी वकील नाही, त्यामुळे खटल्याच्या बारकाव्यांत शिरत नाही. पण डॉक्टर म्हणून मला एक दिसतं. पंचविशीच्या आतली एक मुलगी चार वर्षं भर कोर्टात, वर्तमानपत्रांत, सनातनी मंडळींच्या शिव्या खात एकाच मुद्द्यावर ठाम राहिली: माझ्या शरीराबाबत मला विचारलेलं नाही.

लंडन, आणि पिशवीवरचा राग

मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं होतं. तिथल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची या एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या पहिल्या सात जणींपैकी एक. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचा मार्ग दाखवला, निधी जमला, आणि १८८९ मध्ये रखमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिक्षण आणि रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम, असं करत १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या.

हा काळ आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मागे कललेल्या पिशवीला मोठा गुन्हेगार ठरवलं होतं. कंबरदुखी, डोकेदुखी, मूल न होणं, चिडचिड, थकवा, सगळ्याचं खापर तिच्यावर. फिलाडेल्फियाच्या डॉ. हॉज यांनी ती पुढे ढकलून धरायला वाकडी कडी बनवली होती. लिव्हरपूलच्या डॉ. अलेक्झांडर यांनी १८८१ मध्ये पिशवीचे बंध आखडून ती पुढे ओढायचं ऑपरेशन केलं. नंतर पिशवी पोटाच्या भिंतीला शिवून टाकायची ऑपरेशनंही निघाली. हजारो बायकांवर ती झाली. विसाव्या शतकात हळूहळू लक्षात आलं, की ज्यांची पिशवी मागे कललेली असते त्यातल्या बहुतेकींना काहीच त्रास नसतो, आणि ज्यांना त्रास असतो त्यांचं कारण पुष्कळदा वेगळंच असतं. ऑपरेशनं ओसरली. हॉजची कडी अजून मिळते, पण क्वचितच लागते.

म्हणजे ‘पिशवी सरळ करा’ हा सल्ला एकेकाळी मोठमोठ्या प्रोफेसरांचा होता. आज कुणी तो दिला तर तो शंभर वर्षं जुना आहे असं समजा.

सुरतेची बकरी

मायदेशी आल्यावर रखमाबाईंनी कामा हॉस्पिटलात थोडे दिवस काम केलं आणि १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या दवाखान्याची जबाबदारी घेतली. त्यांना भारतातली पहिली प्रॅक्टिस करणारी डॉक्टरबाई म्हणण्याची पद्धत आहे. ते पूर्ण बरोबर नाही. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीपासून रुग्ण पाहत होत्या. आनंदीबाई जोशी यांना मात्र ती संधी मिळाली नाही, पदवी घेऊन परतल्यावर काही महिन्यांतच, १८८७ मध्ये, क्षयाने त्यांचं निधन झालं. पहिली कोण या वादापेक्षा मला त्यांनी केलेलं काम मोठं वाटतं. सुरत आणि नंतर राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले.

सुरतेत सुरुवातीला बायका यायलाच तयार नव्हत्या. दवाखान्यात बाळंतीण होणं म्हणजे अपशकुन. अशी गोष्ट सांगितली जाते, की रखमाबाईंनी एक गाभण बकरी दवाखान्यात आणून तिचं बाळंतपण केलं, आणि ते सुखरूप झालेलं पाहून मग बायकांची भीती मोडली. आमच्याकडे गावातल्या बायकांना ही गोष्ट सांगितली की हसतात, पण लगेच समजतात. शेळी व्यालेली सगळ्यांनी पाहिलेली असते.

पुरुष डॉक्टर पडद्यातल्या बाईला तपासू शकत नसे. फार तर हाताची नाडी, तीही कधीकधी पडद्याआडून. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर येणं, असल्या तक्रारी नवरा किंवा सासू दाराबाहेर उभी राहून सांगत असे. रखमाबाई आत जाऊ शकत होत्या. बाईला झोपवून, एक हात ओटीपोटावर आणि दुसऱ्या हाताची बोटं योनीमार्गात ठेवून गर्भपिशवी चाचपता येते: तिचा आकार, ती कुठे झुकलीय, हलते की चिकटलीय, हात लावल्यावर दुखतं का. एक्स-रेचा शोध नुकता लागत होता, सोनोग्राफी अजून कितीतरी दशकं लांब. डॉक्टरची बोटं हेच मशीन होतं.

प्लेगची साथ आली तेव्हाही त्या सुरतेत काम करत राहिल्या. १९०४ मध्ये दादाजी वारले आणि रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारलं त्या नवऱ्यासाठी हे का, याचा अर्थ मला आजवर नीट लागलेला नाही. माणूस एका रेघेत मावत नाही, एवढंच म्हणतो.

आता रिपोर्टवरचे ते दोन शब्द

गर्भपिशवी पेरूएवढी असते, उलट्या पेरच्या आकाराची, मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधे. बंधांनी धरलेली असली तरी ती घट्ट बसवलेली नसते. लघवीची पिशवी भरली की ती थोडी मागे सरते, रिकामी झाली की पुढे येते. बहुतेकींची पुढे, मूत्राशयावर झुकलेली असते. काहींची जन्मापासूनच मागे. काहींची बाळंतपणांनंतर बंध सैल पडून मागे जाते. काहींच्या बाबतीत मात्र जंतुसंसर्गामुळे, एंडोमेट्रिओसिसमुळे किंवा जुन्या ऑपरेशनमुळे ती आतून मागे चिकटलेली असते, तर कधी फायब्रॉइडची गाठ तिला ढकलते. या शेवटच्या गटात लक्ष द्यावं लागतं ते चिकटण्याच्या किंवा गाठीच्या कारणाकडे. सोनोग्राफीत पिशवीची दिशा दिसते. ती मोकळी हलते का आणि कुठे दुखते, हे कळायला बऱ्याचदा हातच लागतो. म्हणून नुसत्या कागदावरून कुणी ऑपरेशन ठरवत असेल तर आधी विचारा, की मला तपासलं का?

मागे कललेल्या पिशवीमुळे त्रास झालाच तर काय होतो? पाळीत कंबर जास्त दुखणं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणं. हे दुसरं दुखणं आमच्या भागात बाई कधीच आपणहून सांगत नाही, विचारलं तरी खाली बघते. ते सांगा. स्थिती बदलून ते पुष्कळ कमी होतं. तरीही राहिलं, किंवा पाळीच्या आधीपासून दरमहा असह्य दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिस आहे का हे पाहायला हवं.

मूल होण्याला कललेली पिशवी आडवी येत नाही. मूल होत नसेल तर दोघांची तपासणी करा, नवऱ्याचीसुद्धा. दिवस गेले की वाढणारी पिशवी साधारण तिसरा महिना संपता संपता आपोआप वर, पोटात येते. फार क्वचित ती कंबरेच्या हाडांत अडकून राहते. चौथ्या महिन्याच्या आसपास गर्भवतीला लघवी अडकली, थेंब थेंब होऊ लागली आणि ओटीपोट दुखू लागलं तर घरी थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कॅथेटरने लघवी मोकळी केली की पुढचा मार्ग बहुतेक वेळा सोपा होतो.

आणि तांबी बसवायला जाल तेव्हा, पूर्वी कुणी पिशवी मागे आहे असं सांगितलं असेल तर ते आवर्जून सांगा. पिशवीची दिशा न पाहता तांबी बसवली तर ती भिंतीत रुतण्याची शक्यता वाढते. ‘रेट्रोव्हर्टेड’ या शब्दाचा सगळ्यात खरा उपयोग मला इथे दिसतो.

ज्या तक्रारी अंगावर काढू नयेत त्या वेगळ्या आहेत: पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारं पाणी जाणं, दर पाळीला इतकं रक्त जाणं की चक्कर येते, अंग बाहेर येणं. पिशवी सरळ असो वा कललेली, यांची तपासणी लगेच व्हायला हवी.

कोयता, खाडा आणि पिशवी

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडात मोरी नाही, पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, कंबर दुखते. गोळ्यांनी बरं होणारं हे दुखणं घेऊन बाई डॉक्टरकडे जाते आणि तिला सांगितलं जातं, की पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

दोन-तीन मुलं झाली, आता पिशवीचं काम काय, असं बायकाही म्हणतात. लग्न सोळाव्या वर्षी, नसबंदी बाविसाव्या वर्षी, आणि पिशवी तिशीच्या आत-बाहेर. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर त्याच दिवसापासून पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयविकाराचा धोका. अंडाशयं ठेवली तरी ती वेळेआधी थकू शकतात. ज्या कंबरदुखीसाठी ऑपरेशन केलं ती पुष्कळदा तशीच राहते, कारण मोळी डोक्यावर वाहणं थांबलेलं नसतं.

पिशवी काढणं कधीच बरोबर नसतं असं नाही. कॅन्सर, फार मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, खूप खाली आलेलं अंग, यांत ते ऑपरेशन जीव वाचवतं किंवा जगणं सोपं करतं. मागे कललेली असणं किंवा नुसतं पांढरं जाणं, ही त्यासाठीची कारणं नाहीत. कॅन्सरची भीती घातली असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. पॅप किंवा व्हीआयए, दोन्ही काही मिनिटांत होतात आणि सरकारी दवाखान्यात मिळू शकतात. बीडमध्ये २०१९ पासून खासगी दवाखान्यांनाही या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. ती घेतली का, हे विचारणं तुमचा हक्क आहे. दुसरं मत हवं असेल तर जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. माझ्यासारखा पुरुष डॉक्टर असेल तर तपासणीच्या वेळी नर्स किंवा तुमची माणसं सोबत असावीत असा आग्रह धरा. डॉक्टरला त्याचा राग येता कामा नये.

शेवटची वर्षं

रखमाबाई सुरतेहून राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि १९३० च्या आसपास निवृत्त झाल्या. १९२९ मध्ये त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून लेख लिहिला. पडद्यातल्या बायकांना ऊन मिळत नसे, त्यामुळे हाडं मऊ होऊन कंबरेचा सांगाडा वाकडा होई आणि बाळंतपण अडे. त्या काळच्या डॉक्टरबायांना हे रोज दिसत होतं. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. मुलीच्या लग्नाचं किमान वय त्यात पंधरा ठरलं आणि घटस्फोटाची सोय आली. नांदायला न आलेल्या जोडीदाराविरुद्ध कोर्टात जाण्याची तरतूद मात्र त्या कायद्यातही कलम ९ म्हणून राहिली. ती आजही आहे.